सत्त्व, सचोटी आणि ‘इंटिग्रिटी’

सोलापूरच्या एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. त्या आपल्या मंडळीत तरुण संघाचा वर्ग घेतात. पुढचा विषय ठरलाय ‘ख्रिस्ती जीवनात व्यक्तिगत इंटिग्रिटीचं महत्त्व’. पाळकसाहेब म्हणाले, फळ्यावर मराठी शब्द लिहा. ताईंनी पवित्र शास्त्रातला, म्हणजे मराठी बायबलमधला ‘सात्त्विकपणा’ लिहिला, तर एका पोराने विचारलं, “म्हणजे रविवारचं मटण बंद का?” मग ‘प्रामाणिकपणा’ लिहिला, तो त्यांनाच तोकडा वाटला. ‘सचोटी’ म्हणावं तर दुकानदारीचा वास येतो. तेव्हा नेमका शब्द कोणता, आणि शास्त्राच्या भाषांतरकारांनी ‘सात्त्विक’च का घेतला असेल, असं त्यांनी विचारलंय.

ताई, उत्तर आधी देतो आणि कारणं मागाहून सांगतो. विषयाच्या नावात ‘सचोटी’ लिहा, पण शिकवताना ‘सत्त्व’ सोडू नका.

त्या मुलाचं काही चुकलं नाही. आज ‘सात्त्विक’ हा शब्द ताटातच सापडतो. कांदा-लसूण नसलेली थाळी सात्त्विक, फार तर एखाद्या शांत बाईचा चेहरा सात्त्विक. पण ज्या ‘सत्त्व’पासून तो आला, तो शब्द मराठीत एवढा मवाळ कधीच नव्हता. सत्त्व राखणं, सत्त्वाला जागणं, सत्त्व घालवणं, सत्त्वशील, निःसत्त्व, आणि सगळ्यांत ठसठशीत म्हणजे सत्त्वपरीक्षा. हरिश्चंद्राचं राज्य गेलं, बायको-पोरगं विकलं गेलं, तो स्मशानात राबला, पण शब्द मोडला नाही. श्रियाळ-चांगुणेच्या दारात अतिथी आला आणि त्याने चिलया बाळच मागितला. कीर्तनांतून आणि जात्यावरच्या ओव्यांतून या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला सत्त्व म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. सगळं काढून घेतल्यावरही जे माणसाने स्वतः टाकल्याशिवाय जात नाही, ते सत्त्व.

आता हे मनात ठेवून ईयोबाचं पुस्तक उघडा. पहिल्याच वचनात ऊस देशातल्या या माणसाला आपलं शास्त्र सात्त्विक आणि सरळ म्हणतं. त्याच्याकडे सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, पाचशे जोड्या बैल, पाचशे गाढवी, सात मुलगे, तीन मुली. सैतान देवाला म्हणतो, हा फुकट थोडाच तुला भितो? मग एका दिवसात जनावरं जातात, पोरं जातात, पुढे अंगभर गळवं उठतात, आणि राखेत बसलेल्या नवऱ्याला बायको विचारते की अजून सत्त्व धरून बसलात का (ईयोब २:९). भाषांतरकाराने इथे ‘सत्त्व’ हाच शब्द घातला आहे, आणि माझ्या मते मराठी शास्त्रातल्या अचूक शब्दांपैकी हा एक आहे. ईयोबाची गोष्ट ही नखशिखांत सत्त्वपरीक्षा आहे. तिथे ‘प्रामाणिकपणा’ घालून वाचा, ताई, वाक्य लगेच लंगडं पडतं. “अजून प्रामाणिकपणा धरून बसलात का?” म्हटलं की ईयोबाने कुणाचे तरी पैसे परत केल्यासारखं वाटतं.

मूळ हिब्रूत या ठिकाणी ‘तुम्मा’ हा शब्द आहे. ‘ताम’, ‘तोम’, ‘तामीम’ हे सगळे त्याचे भाऊबंद. त्यांचा अर्थ पूर्ण, अव्यंग, कुठेही उणं नसलेलं. वल्हांडण या यहुदी सणाचं कोकरू कसं असावं हे निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात सांगितलंय, तिथे ‘तामीम’च आहे. लंगडं नको, आंधळं नको, रोगट नको. स्तोत्र २६ मध्ये दावीद देवाला म्हणतो की माझा न्याय कर, कारण मी सात्त्विकपणे चाललो आहे. तिथेही ‘तोम’ आहे. बरं, दावीद इथे आपण पापच केलं नाही असं म्हणत नाही. आदल्याच स्तोत्रात, पंचविसाव्यात, तो आपल्या तरुणपणच्या पापांची क्षमा मागतो. पाप नसणं आणि दोन तुकड्यांत न जगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या वर्गात हा फरक आधी सांगा, नाहीतर अर्धी मुलं पहिल्याच दिवशी स्वतःला बाद करून घेतील.

‘इंटिग्रिटी’चंही मूळ याच वळणाचं आहे. लॅटिन ‘इंटेजर’ म्हणजे हात न लागलेलं, अखंड. गणितात आपण ज्याला पूर्णांक म्हणतो तो हाच शब्द. म्हणजे ज्याला इंग्रजीत इंटिग्रिटी म्हणतात त्यात खरं बोलणं येतंच, पण गाभा अखंडपणाचा आहे. रविवारी एक आणि सोमवारी दुसरा नाही, घरात एक आणि दुकानात दुसरा नाही.

सोलापुरात राहून एक सोय तुम्हाला आयती आहे, ती वापरा. वर्गात पूर्व भागातली, तेलुगू घरातली मुलं असतील तर त्यांना घरचं तेलुगू शास्त्र आणायला सांगा. स्तोत्र २६ मध्ये जिथे आपल्याकडे ‘सात्त्विकपणे’ आहे तिथे तेलुगूत ‘यथार्थवंतुडनै’ आहे, आणि ईयोबाला ‘यथार्थवर्तनुडु’ म्हटलंय. मराठीत ‘यथार्थ’ आपण वर्णनाला लावतो, तेलुगूने तो वागण्याला लावला. वर्तन जसं आहे तसं, वर कसलाही मुलामा नाही. हिब्रूतला तोच शब्द दोन भाषांनी दोन बाजूंनी धरला, हे एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या शास्त्रांत बघायला मिळतं. असं फार थोड्या गावांत जमेल.

आता ‘सचोटी’. दुकानदारीचा वास येतो म्हणून तुम्ही बिचकलात, पण मला तीच त्या शब्दाची ताकद वाटते. ‘सच्चा’च्या घरातला हा शब्द देण्याघेण्यात मुरलेला आहे, आणि शास्त्राला देणंघेणं कमी दर्जाचं वाटत नाही. शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे की तुझ्या पिशवीत दोन प्रकारची वजनं नसावीत, एक मोठं आणि एक लहान. हिब्रूत तिथे अक्षरशः ‘दगड’ म्हटलंय, कारण तेव्हा वजनं दगडाचीच असत. विकत घेताना जड दगड काढायचा, विकताना हलका. आपल्या आठवडी बाजारात बसलेल्या कुठल्याही म्हातारीला हे उलगडून सांगायची गरज नाही. नीतिसूत्रं ११:१ म्हणतं की खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे. आणि स्तोत्र १५ विचारतं की परमेश्वराच्या मंडपात कोण वस्ती करील? उत्तरात एक ओळ आहे, दिलेली शपथ स्वतःच्या तोट्याची ठरली तरी जो फिरवत नाही तो. सोलापूरच्या मार्केट यार्डात संध्याकाळी कांद्याचा भाव ठरला, शब्द दिला, आणि सकाळी भाव चढला, की ही ओळ लगेच कळते. तिथे कुणी खोटं बोललेलं नसतं. फक्त काल दिलेला शब्द आज महाग झालेला असतो. तो पाळतो त्याला बाजार सचोटीचा माणूस म्हणतो.

‘प्रामाणिक’ हा ‘प्रमाण’वरून आला, प्रमाणाला धरून असलेला. शब्द चांगलाच आहे, पण तो एकेका कृतीला चिकटतो. प्रामाणिक मत, प्रामाणिक प्रयत्न. माणूस एका बाबतीत प्रामाणिक आणि दुसऱ्या बाबतीत लबाड असू शकतो. सत्त्व मात्र असं वाटून ठेवता येत नाही. ‘चारित्र्य’ बायकांच्या बाबतीत वापरून वापरून अरुंद केला गेलाय, तो मी टाळेन. ‘नीतिमत्ता’ भाषणात बरी.

मुलांना एकच गोष्ट सांगायची असेल तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय पाच सांगा. हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोने जमीन विकली, पैशातला काही भाग मागे ठेवला, आणि उरलेला प्रेषितांच्या पायाशी असा आणून ठेवला की जणू सगळाच दिला. प्रेषित पेत्र हनन्याला काय म्हणतो ते नीट वाचा. जमीन होती तोवर तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. म्हणजे थोडे ठेवून घेतले, यात गुन्हा नव्हता. अर्धं देऊन पूर्ण दिल्याचं दाखवलं, हा गुन्हा. इथे आपल्या भाषेची एक म्हण मदतीला येते: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. हनन्याने नेमकं तेच आणलं. आणि ‘सोंग’वरून आणखी एक. येशू परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंथीयांना जे म्हणतो आणि आपण ज्याचं भाषांतर ‘ढोंगी’ करतो, त्या ग्रीक शब्दाचा जुना अर्थ नाटकातला नट. मराठी सोंग आणि ढोंग यांत फरक करते. सोंग घेणाऱ्याचा मुखवटा सगळ्यांना ठाऊक असतो, ढोंग करणाऱ्याचा फक्त त्यालाच.

याच्या उलट टोकाला प्रेषित पौल आहे. यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी वर्गणी गोळा होत होती, तेव्हा त्याने ती एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांचे नेमलेले बंधू दिले. का, तर एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. प्रभूच्या दृष्टीने तर खरंच, पण माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आम्ही पाहतो, असं तो करिंथकरांना लिहितो (दुसरं पत्र, ८:२०-२१). आपल्या मंडळ्यांत उपासनेनंतर अर्पणाची थैली टेबलावर उलटी करतात. दोघं मिळून मोजतात. शंभराच्या वेगळ्या, दहाच्या चुरगळलेल्या सरळ करून वेगळ्या, नाण्यांच्या चळती, मग वहीत आकडा आणि खाली दोन सह्या. मुलांना वाटतं हा हिशोबाचा भाग आहे, उपासना संपली. त्यांना एकदा त्या टेबलापाशी उभं करा आणि हे वचन वाचायला लावा. दुसरी सही पहिल्या माणसावरच्या संशयाची नसते, त्याच्या संरक्षणाची असते. ‘देव बघतोय की’ म्हणून हिशोब न ठेवणाऱ्या भक्तिमान माणसापेक्षा दुसरी सही मागणारा खजिनदार मला पौलाच्या जवळचा वाटतो.

एक अवघड प्रश्न वर्गात उठेलच, त्याला टाळू नका. काही घरांत कागदावर एक धर्म आणि उपासनेत दुसरा असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने वागवणं बदललं नाही, पण सवलत गेली. अशा घराला ढोंगी म्हणायला माझी जीभ उचलत नाही. त्यांच्यापुढे जो पेच टाकलाय तो टाकणाऱ्यांनीही आपलं सत्त्व तपासावं. तरीही मुलांना ‘हे चालतंच’ असंही सांगू नका. दोन नावांनी जगताना आत काहीतरी दुभंगतं, आणि ज्यांना ते सोसावं लागतं त्यांना ते सगळ्यांत आधी कळतं. अशा घरातल्या मुलाला वर्गात मोकळेपणी बोलता आलं, तरी ‘तोम’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशी सगळ्यांना कळेल.

एक सावधगिरी. या विषयावरच्या प्रवचनांत एक गोष्ट हमखास सांगतात की इंग्रजी ‘सिन्सिअर’ हा शब्द लॅटिन ‘सिने सेरा’, म्हणजे ‘मेणाविना’ यातून आला. लबाड कारागीर भेगांत मेण भरत, चांगले भरत नसत, वगैरे. गोष्ट गोड आहे, पण शब्दाचे अभ्यासक ती मानत नाहीत. तो शब्द ‘एकाच वाढीचा, निर्भेळ’ अशा अर्थाच्या मुळाशी जोडतात. खरेपणाच्या धड्यात न टिकणारी गोष्ट कशाला सांगायची? येशूला भेटलेला जकातदार जक्कय आहेच की. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याचं चौपट परत, असं तो सगळ्यांदेखत उभा राहून बोलला.

शब्द निवडताना मला पंडिता रमाबाईंची कसोटी पटते. त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणलं. ते काम आपल्याच पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावात, मुक्ती मिशनमध्ये झालं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते शास्त्र प्रसिद्ध झालं. जड संस्कृत शब्द टाळून साध्या बाईला वाचता येईल अशी मराठी त्यांना हवी होती. त्या कसोटीवर ‘सचोटी’ उतरतो. ‘सत्त्व’ही उतरतो, कारण सत्त्वपरीक्षा हा शब्द अजून मालिकांच्या जाहिरातींतसुद्धा जिवंत आहे. ‘सात्त्विकपणा’ मात्र आज समजावून सांगावा लागतो, म्हणून तो फळ्यावर नको, वचन वाचताना येऊ द्या.

तेव्हा फळ्यावर ‘ख्रिस्ती जीवनात सचोटी’ असं लिहा. पहिल्या रविवारी ईयोब १ आणि २, दुसऱ्या रविवारी कृत्ये ५ आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय. आणि लिहिताना ‘सत्त्व’मध्ये दोन त काढा, सत् अधिक त्व आहे तो. ‘सात्त्विक’लाही तेच. छापील पत्रिकांत एक त सर्रास गळतो.