कागदावर रस्ता पूर्ण, गावात अर्धाच: सरपंचाची तक्रार कुठे करायची?

तुम्ही विचारलंय की गावातला सिमेंटचा रस्ता कागदावर पूर्ण आहे, बिलही निघालंय, प्रत्यक्षात मात्र तो मध्येच संपतो. सरपंचाविरुद्ध तक्रार कुठे करायची आणि तिचा काही उपयोग होतो का?

तक्रार इतक्यात करू नका. आधी एम.बी. मिळवा.

एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका. रस्ता, गटार, समाजमंदिर, काहीही बांधलं की शाखा अभियंता लांबी, रुंदी, जाडी मोजून तिच्यात लिहितो, सही करतो आणि त्या आकड्यांवर बिल निघतं. पैसे द्यायला सह्या लागतात सरपंचाच्या आणि ग्रामसेवकाच्या (२०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), पण 'एवढा रस्ता झाला' असं लिहून देणारा माणूस तिसराच असतो. पारावर शिव्या सरपंच एकटा खातो. अभियंत्याचं तर नावही गावाला माहीत नसतं.

हे शहाणपण मला उशिरा आलं. आमच्या वस्तीच्या रस्त्यासाठी मी माहिती अधिकारात अर्ज केला तेव्हा त्यात विचारलं होतं, 'काम निकृष्ट का झाले? यास जबाबदार कोण?' उत्तर आलं की माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. राग आला, पण बरोबर होतं त्यांचं. हा कायदा दप्तरात असलेला कागद देतो, खुलासा देत नाही. म्हणून 'का' हा शब्द अर्जातून काढून टाका. कामाचं नाव आणि आर्थिक वर्ष लिहा (ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि खर्च घरबसल्या दिसतो, तिथून नेमकं नाव उचला) आणि अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एम.बी., देयक आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. नमुना जोडपत्र 'अ', वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

ग्रामसेवक म्हणेल, एम.बी. आमच्याकडे नसते, बांधकाम विभागाकडे असते. असेलही. पण मग कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो अर्ज त्या कार्यालयाकडे वर्ग करणं त्याचंच काम आहे. तुम्ही फेऱ्या मारायच्या नाहीत. ३० दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील, आमच्याकडे ते पंचायत समितीत होतं. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, आणि तिथे तारखेची वाट बघायची तयारी ठेवा. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड अधिकाऱ्याच्या पगारातून जाऊ शकतो. प्रत्यक्षात तो क्वचित लागतो. तरी अपिलाच्या अर्जात दंडाच्या कलमाचा उल्लेख असला की कागद जरा लवकर सापडतात, हा माझा अनुभव.

मला ४१ पानं मिळाली, दोन रुपये पानाने ८२ रुपये भरून. त्यातल्या एका पानावर होतं: लांबी १२०.०० मीटर, रुंदी ३.००, जाडी ०.१५.

रविवारी सकाळी गवंड्याकडून ३० मीटरची टेप मागून आणली. एक टोक पुतण्याने धरलं, दुसरं मी. रस्ता ८६ मीटरवर संपला, पुढे मुरूम. रुंदी बरोबर होती. जाडी मोजायची कशी, हा प्रश्न होता, तो नळाच्या पाइपलाइनने सोडवला. कोणीतरी कनेक्शनसाठी आडवी चर खणली होती, तिच्यात काँक्रीटची कापलेली कड सरळ दिसत होती. पट्टी लावली तर कुठे ९ सेंटीमीटर, कुठे १०. म्हणजे बिल ५४ घनमीटरचं आणि जमिनीत जेमतेम २६. पट्टीसकट फोटो काढले. (माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो मागायचं मला तेव्हा सुचलं नाही. तुम्ही मागा.)

हे पान मी ग्रामसभेत वाचलं. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. १५ टक्के किंवा १०० मतदार, यातले कमी असतील तेवढे लागतात, आणि तेवढेही नव्हते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तिथे आम्ही सतरा जण होतो. भाषण केलं नाही, एवढंच म्हटलं की १२० मीटर कुठून कुठपर्यंत मोजले ते दाखवा आणि माझा प्रश्न प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात घ्या. ग्रामसेवकाने पेन काढलं नाही तेव्हा मागून एक म्हातारी ओरडली, "लिव्ह की रं, बोलतोय ना त्यो." लिहिलं.

मग तक्रार. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे (सीईओ), एम.बी.चं पान, फोटो आणि ग्रामसभेची नक्कल जोडून. सरपंचाला गैरवर्तनासाठी पदावरून काढायचं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे चौकशी सीईओ करतात आणि निर्णय विभागीय आयुक्तांचा असतो. कोणी थेट लाच मागत असेल तर वाट वेगळी: १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन. ते सापळा लावतात. अर्ध्या रस्त्याला सापळा लागत नाही.

उपयोग झाला का? पाहणीची तारीख ठरली आणि तिच्या चार दिवस आधी, रात्री दहानंतर मिक्सरचा आवाज आला. दोन रात्रींत उरलेले ३४ मीटर झाले. साहेब आले, टेप लावली, १२० भरले, अहवालात 'काम पूर्ण आढळले'. कुणाला नोटीससुद्धा नाही. जाडीसाठी मी पुन्हा लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. सरपंच माझ्या आत्याच्या सासरचा, आत्याचं येणं बंद झालं होतं, आणि मी थकलो होतो. पुढच्या निवडणुकीत तोच पुन्हा निवडून आला. नंतर गटाराचं काम निघालं तेव्हा कंत्राटदाराने स्वतः फोन केला, "या, मोजून घ्या." टोमणा होता की भीती, मला अजून कळलेलं नाही. मी टेप घेऊन गेलो.

मोठ्या माणसांपर्यंत हात पोचतो का, तर पोचतो, पण काळ लागतो. जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे गरिबांच्या घरांच्या योजनेतल्या घोटाळ्यात, तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये फिर्याद दिली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला ३१ ऑगस्ट २०१९ ला, माजी मंत्र्यांसह ४८ जण दोषी. तेरा वर्षं, तेही फिर्यादी खुद्द आयुक्त असताना. तुमच्या-माझ्यासारख्याने त्या हिशेबानेच दम राखून चालावं.

एकट्याने करू नका. तळेगाव दाभाड्यात जमिनींचे गैरव्यवहार खणून काढणारे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये भर सकाळी खून झाला. गावच्या रस्त्यावरून सहसा तसं होत नाही, पण अर्ज तीन-चार वेगवेगळ्या घरांतून, शक्यतो वेगवेगळ्या भावक्यांतून गेले तर राग एकाच दारावर येत नाही. एक अर्ज एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या नावाने टाका, त्यांना वेळही असतो आणि अक्षरही चांगलं असतं.

आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. माझा अगदी पहिला अर्ज मी ग्रामसेवकाच्या हातात दिला आणि चहा पिऊन घरी आलो. महिन्याने विचारलं तर म्हणाला, कुठला अर्ज?