साठीनंतर स्लीव्हलेस ब्लाउज फक्त नट्यांनाच शोभतो का?

एकसष्टाव्या वर्षी भाचीच्या लग्नात हातमागाच्या साडीवर स्लीव्हलेस ब्लाउज घालायचं तुमच्या मनात आहे आणि सूनबाई म्हणतात, "ते नट्यांना शोभतं, आपल्याला नाही." माझं मत बरोबर उलटं आहे. वय झालं की पंचाईत होते ती नट्यांची. आपण सुटलेल्या असतो.

नट्या म्हटलं खरं, पण मला आठवतात ते बालगंधर्व, म्हणजे संगीत नाटकांत बायकांच्या भूमिका करणारे नट नारायणराव राजहंस. मराठी बायकांनी काय नेसावं, काय ल्यावं हे एके काळी या पुरुषाने ठरवलं. 1911 साली 'मानापमान' नाटकातली भामिनी आणि 1916 साली 'स्वयंवर'मधली रुक्मिणी त्यांनी रंगभूमीवर आणली, आणि घराघरांतून त्यांच्यासारखं नेसणं, अंबाड्यावर त्यांच्यासारखी फुलं माळणं सुरू झालं. माझ्या पणजीचा स्टुडिओत काढलेला फोटो आमच्याकडे आहे. मान किंचित कलती, नजर खाली, पदर दोन बोटांत धरलेला. आजी तो दाखवून म्हणायची, "ही आमची आई नव्हे, हे नारायणराव!" एरवी पणजी म्हणे कासोटा खोचून विहिरीचं पाणी ओढणारी बाई.

आता त्या फॅशनचा धनी म्हातारा झाला तेव्हा काय झालं ते पाहा. बोलपट आले, खऱ्या बायका पडद्यावर बोलू-गाऊ लागल्या. 1932 साली दुर्गा खोटे राणी तारामती होऊन आल्या आणि शालू नेसलेल्या पुरुषाकडे बघण्याची नजरच बदलली. भरजरी कपडे, गालिचे, उंची अत्तरं यांवर गंधर्व मंडळीने, म्हणजे त्यांच्या नाटक कंपनीने, पैसा पाण्यासारखा ओतला होता, कर्ज डोक्यावर होतंच. 1935 साली प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुष! लोकांना ते नारायणराव नकोच होते. मग 1937 साली मीराबाईच्या वेशात ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, वय एकोणपन्नास. रंगमंचावर लांबून जे झाकलं जातं ते कॅमेरा कुठे झाकतो? तोही चित्रपट चालला नाही. पुढे साठी उलटल्यावरही त्यांनी नाटकांत लुगडी नेसली. आमच्या घरातले जुने नाटकवेडे सांगत, डोळे मिटले की रुक्मिणी, उघडले की बिचारे नारायणराव. मला यात त्यांचा हट्ट दिसत नाही. तिकीट काढणाऱ्याला तीच रुक्मिणी हवी होती, तिचं वय वाढायला परवानगीच नव्हती. कीर्तीचा हा भाग फार क्रूर असतो.

गंमत म्हणजे रंगमंचाबाहेर त्यांचा पोशाख चारचौघांसारखा. कोट, धोतर, टोपी. त्याची नक्कल करावी असं काही त्यात नव्हतं. त्यांची स्वतःची म्हणावी अशी ढब होती ती बोलण्यात. समोरचा कुणीही असो, त्याला "देवा" म्हणायचं, आणि प्रेक्षक म्हणजे मायबाप. पैसा गेला, शेवटी पाय गेले, तरी ती ढब काही सुटली नाही. गळ्यातलं गाणंही बराच काळ राहिलं. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात त्यांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, एक स्त्रीवेशातलं आणि एक पुरुषवेशातलं. मध्यंतरात उभी राहून मी पाहिलंय, लोक थांबतात ते शालूवाल्यापाशी. मला दुसरं जास्त आवडतं, पण माझं कोण ऐकतंय!

तर तुमच्याबद्दल. विसाव्या वर्षीच्या तुम्हाला पाहायला कुणी तिकीट काढलेलं नाही. तुमचा दंड सैल झाला म्हणून कुणाचा खेळ पडणार नाही. सूनबाईंना वाटतंय की लोक हसतील. लग्नातले लोक तसे पनीर संपलं म्हणूनही बोलतात. मात्र भाचीच्या मैत्रिणींसारखं दिसावं म्हणून घालणार असाल तर नका घालू, दिवसभर आरशाकडे धावावं लागेल. मोकळं वाटतं म्हणून घालणार असाल तर खुशाल घाला.

आणि टेलरला बजावून ठेवा, मुंढा खोल कापू नको. या वयात खोल मुंढ्यातून ब्लाउज काखेत चुण्या पाडतो आणि हात वर केला की आतला पट्टा दिसतो. अस्तर सुतीच लावा. हॉल एसी असेल तर एक शेला पिशवीत ठेवा.