थांबलेला म्युऑन, धावता म्युऑन

प्रश्न : स्थिर म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांत फुटतो, असं वाचलं. मग अवकाशातून येणारे कण हवेवर आदळून 15 किलोमीटर उंचीवर जन्मलेला म्युऑन नागपुरापर्यंत येतोच कसा? तो घरी पाहता येईल का?
– एक विद्यार्थिनी, धंतोली, नागपूर

उत्तर : शंका रास्त आहे. 2.2 मायक्रोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम 660 मीटर जातो. 15 किलोमीटरला 50 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जवळपास 23 आयुष्यं. या हिशेबानं अब्जावधींत एखादाच खाली पोचता. प्रत्यक्षात तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो.

मेख ‘स्थिर’ या शब्दात आहे. थांबलेल्या म्युऑनची ऊर्जा 106 एमईव्ही (मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं एकक). जमिनीवर पोचणाऱ्यांची सरासरी 4,000 च्या आसपास. भागाकार करा : 38. आपल्या घड्याळात त्याचं आयुष्य तितक्या पटीनं लांबतं, 2.2 चे 83 मायक्रोसेकंद होतात. म्युऑनच्या बाजूनं पाहिलं तर आयुष्य 2.2 च, पण 15 किलोमीटरची वाट आखडून 400 मीटरच्या आत येते. दोन्हीकडून उत्तर एकच! वेगानं वस्तुमान वाढतं, ही जुन्या पुस्तकांची भाषा मात्र सोडा. वाढते ती ऊर्जा. हवेतून येताना जन्माच्या वेळच्या ऊर्जेतले सुमारे 2,000 एमईव्ही खर्च होतात, म्हणून मंद म्युऑन वाटेतच संपतात.

घरी पाहायला क्लाउड चेंबर करा, म्हणजे कण गेला की अल्कोहोलच्या वाफेत त्याची रेघ उमटवणारी पेटी; शक्यतो डिसेंबरात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) बघता बघता उडून जातो. थर्माकोलच्या ट्रेमध्ये ड्राय आइस, त्यावर काळी रंगवलेली धातूची पत्री अगदी समतल, तिच्यावर काचेची पेटी उपडी. पेटीच्या तळाला, म्हणजे आता वरच्या बाजूला, फेल्ट चिकटवून 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवा. मेडिकलमधलं 70 टक्क्यांचं चालत नाही, त्यातल्या पाण्यानं सगळा खेळ बिघडतो. कडा टेपनं बंद करा, खोली अंधारी करा, टॉर्च आडवा धरा आणि 10-15 मिनिटं थांबा. नुसतं धुकं दिसलं, रेषा नाहीत, तर कुठेतरी हवा शिरतेय.

पत्रीलगतच्या सेंटीमीटरभर थरातच रेषा उमटतात. सरळ खाली येणारा म्युऑन तिथे ठिपक्यासारखा दिसतो; लांब, बारीक, ताठ रेघ तिरप्या म्युऑनची. वेडीवाकडी रेघ बहुधा मंद इलेक्ट्रॉनची, आखूड जाड रेघ अल्फा कणाची (किरणोत्सारी अणूतून निघणारं हेलियमचं केंद्रक).

हातमोजे घालाच, खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको आणि ड्राय आइस हवाबंद डब्यात कधीही ठेवू नका. वायूच्या दाबानं डबा फुटतो.