वय २६, एमआरआयमध्ये गादी सरकल्याचं आलंय. ऑपरेशन करावंच लागेल का?

बहुधा नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पंचविशी-तिशीतले, दिवसभर खुर्चीत काम करणारे पेशंट माझ्याकडे सतत येतात आणि त्यातल्या बहुतेकांचं ऑपरेशनाशिवाय भागतं.

तुमच्या रिपोर्टमध्ये एल५-एस१, म्हणजे कंबरेतली सगळ्यात खालची गादी आहे आणि कळ पोटरीपर्यंत जाते, म्हणून आज एवढं बघा: दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येतं का? टाचांवर चालता येतं का? पाय लुळा पडत असेल, लघवी अडकत असेल किंवा बसायची जागा बधिर वाटत असेल, तर आजच्या आज हॉस्पिटल गाठा. अशा वेळी वाट बघत बसण्यात धोका आहे.

यातलं काही नसेल तर रिपोर्टला घाबरू नका. कंबर कधीच न दुखलेल्या विशीतल्या लोकांचा एमआरआय काढला, तरी साधारण ३० टक्के जणांत डिस्क, म्हणजे गादी फुगलेली दिसते. शिवाय गादीतून बाहेर पडलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि मोठा तुकडा बऱ्याचदा नुसत्या फुगवट्यापेक्षा लवकर विरतो.

रोज लक्ष ठेवायचं ते कळ कुठवर जाते यावर. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कुल्ल्यात आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते सुधारणेचं लक्षण आहे. अनेकांना पालथं पडून कोपरांवर छाती उचलल्याने असा फरक पडतो. मात्र कळ खाली उतरू लागली तर तो व्यायाम तिथेच थांबवा. पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कार सध्या नकोत. रात्रभरात डिस्क पाणी धरून फुगते, म्हणून उठल्याउठल्या वाकून बादली उचलू नका. अंथरुणात दोन दिवसांहून जास्त पडून राहू नका, थोडं थोडं चाला. आणि कृपा करून कुणाकडून कंबरेला झटका देऊन घेऊ नका!

सहा ते बारा आठवडे असे काढूनही पायाची कळ सोसवेना, तर ऑपरेशनाचा विचार जरूर करा. नेदरलँड्समधल्या २००७च्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांना, थांबून बघणाऱ्यांपेक्षा, आराम लवकर मिळाला, पण वर्षअखेर दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना पुढे वर्षभरात ऑपरेशन लागलं, हेही खरं.

करायचंच ठरलं तर बहुतेकदा फक्त दाबणारा तुकडा काढतात. पहिल्याच वेळी मणके जोडणारे स्क्रू-रॉड टाकायला सांगितलं, तर दुसऱ्या स्पाइन सर्जनचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.