मालवणच्या किनाऱ्यावर येणारं सारगॅसम (तपकिरी समुद्री शेवाळ) वाळवून पावडर करून खाल्लं तर अँटिऑक्सिडंट मिळतील का? एका पावडरीच्या जाहिरातीत 'डीपीपीएच चाचणीत ९० टक्के' असं लिहिलंय.

वाहून आलेल्या ढिगातून फारसे नाहीत. खडकावरून सुटलेली फांदी उन्हात पडली की आधी फ्युकोझॅन्थिन, म्हणजे शेवाळाला तपकिरी रंग देणारं अँटिऑक्सिडंट रंगद्रव्य, जातं. उजेड, उष्णता, आम्ल, त्याला काहीच सोसत नाही. ताजी फांदी उकळत्या पाण्यात बुडवून बघा, तपकिरीची हिरवी होते. प्रथिनाशी बांधलेलं फ्युकोझॅन्थिन मोकळं झालं की हरितद्रव्याचा रंग वर येतो.

तुम्ही ज्या जाहिरातीबद्दल लिहिलंय, 'डीपीपीएच चाचणीत ९० टक्के', त्या आकड्यावरून मी अनेकांशी भांडलो आहे. डीपीपीएच हे जांभळं रसायन; अँटिऑक्सिडंट त्याचा रंग घालवतात आणि किती टक्के गेला ते मोजतात. किती अर्क घातला हे न सांगता दिलेल्या टक्क्याला काडीचा अर्थ नाही. अर्क वाढवत जा, कुठलीही पालापाचोळ्याची पावडर ९० वर जाईल.

खरा आकडा हवा असेल तर सुरुवात खडकावरून करायला हवी. ओहोटीला ताजी फांदी घ्या, समुद्राच्याच पाण्यात धुऊन वाळू, शिंपले आणि वर वाढलेलं दुसरं शेवाळ काढा, मग गोड्या पाण्यातून झटकन एकदा काढा. मीठ राहिलं तर कोरडं वजन फुगतं. तासभर भिजत ठेवलं तर फ्लोरोटॅनिन (तपकिरी शेवाळातले फिनॉल गटातले अँटिऑक्सिडंट) पाण्याबरोबर निघून जातात. सगळ्यात चांगलं म्हणजे लगेच गोठवून फ्रीज ड्रायरमध्ये वाळवणं. ते नसेल तर सावलीत, वाऱ्यावर, पातळ थर पसरून. ओव्हन ६० अंशांवर लावून 'लवकर झालं' म्हणणाऱ्यांनी अर्धी लढाई तिथेच हरलेली असते.

फ्लोरोटॅनिनसाठी शुद्ध मिथेनॉलपेक्षा पाणी मिसळलेलं ७० टक्के ॲसिटोन बरं. १ ग्रॅम पावडरीला २० मिलि, अंधारात ढवळत, मग गाळून ॲसिटोन ४० अंशांच्या आत उडवायचं. एकूण फिनॉल मोजणाऱ्या फोलिन चाचणीसाठी अर्धा मिलि अर्क, १० पट पातळ केलेलं फोलिन अडीच मिलि आणि ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिलि. अर्धा तास अंधारात ठेवून ७६५ नॅनोमीटरला वाचन. तुलनेचं प्रमाण म्हणून फ्लोरोग्लुसिनॉल घ्या. गॅलिक आम्ल घेतलं तर तसं स्पष्ट लिहा, दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. आणि फोलिन फक्त फिनॉलशी बोलत नाही. व्हिटॅमिन सी, टायरोसिन असलेली प्रथिनं, काही साखराही निळा रंग देतात.

डीपीपीएच ३.९४ मिलिग्रॅम १०० मिलि मिथेनॉलमध्ये विरघळवलं की ०.१ मिलिमोलर होतं. ताजं करा, अंधारात ठेवा, ५१७ नॅनोमीटरला वाचा. इथे बहुतेकांचं चुकतं ते असं: अर्काचा स्वतःचा रंगही मापनात मिसळतो, त्यामुळे डीपीपीएच न घातलेला अर्क वेगळा वाचून वजा करावा लागतो. मोठे फ्लोरोटॅनिन रेणू हळू काम करतात, म्हणून ३० मिनिटांवर थांबलात तर आकडा कमी येतो. फ्युकोइडान (तपकिरी शेवाळातली एक बहुशर्करा) तर मिथेनॉलमध्ये गढूळच होतं. कच्च्या फ्युकोइडानच्या नावावर खपणारी बरीचशी अँटिऑक्सिडंट ताकद त्यात राहिलेल्या फ्लोरोटॅनिनची असते. आधी पावडर ८० टक्के इथेनॉलने धुवा, गरम पाण्यात अर्क काढा, २ टक्के कॅल्शियम क्लोराइडने अल्जिनेट (शेवाळातला दुसरा चिकट पदार्थ) खाली बसवून काढून टाका, मगच फ्युकोइडानबद्दल बोला.

एवढं सगळं नीट केलं तरी तो परीक्षानळीतला आकडा. फ्युकोझॅन्थिन पोटात गेल्यावर आतड्यातच फ्युकोझॅन्थिनॉल होतं. रक्तात पोहोचतं ते हे. मग नळीतला आकडा शरीरात किती लागू पडतो, याचं उत्तर ९० टक्के म्हणणाऱ्यांनी मला आजवर दिलेलं नाही.

आता खाण्याबद्दल, जे खरं तर आधी सांगायला हवं होतं. जपानमध्ये खाल्लं जाणारं हिजिकी म्हणजे सारगॅसमचीच एक जात. त्यात असेंद्रिय आर्सेनिक (आर्सेनिकचं जास्त विषारी रूप) जास्त असतं म्हणून ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने २००४ मध्ये ते खाऊ नका असा सल्ला दिला. भिजवून, उकळून पाणी टाकून दिलं तर आर्सेनिक कमी होतं, पण त्याच पाण्यातून तुम्हाला हवं असलेलंही जातं. शेवाळातल्या आयोडीनचा प्रश्न वेगळाच, त्याचा परिणाम थायरॉइडवर होतो. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही नको. पावडर विकणाऱ्याकडे त्याच बॅचचा असेंद्रिय आर्सेनिकचा अहवाल मागा, एकूण आर्सेनिकचा नव्हे. तो नसेल तर घेऊ नका.