बाल्कनीतली बाग : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पूर्वेला आहे. जूनमध्ये हौसेने नर्सरीतून आठ झाडं आणली, गुलाब, मोगरा, जास्वंद, टोमॅटो, मिरची वगैरे. दोन महिन्यांत पाच गेली. रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालत होते तरी पानं पिवळी पडून गळाली. सासूबाई म्हणतात आपल्या हाताला झाडं लाभत नाहीत. परत सुरुवात करू का? कुठून करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नक्की करा! आणि हाताला न लाभण्याचं मनातून आधी काढून टाका, कारण तुमच्या पत्रातच कारण लिहिलंय, जून ते ऑगस्ट, आणि रोज दोन वेळा पाणी. डोंबिवलीच्या पावसात हवाच इतकी दमट असते की कुंडीतली माती चार-चार दिवस वाळत नाही, त्यात आपण वरून ओततोय. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, माती सतत चिखल राहिली की मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी वर ओढू शकत नाहीत म्हणून झाड मान टाकतं, आपल्याला वाटतं तहान लागलीय, आपण अजून घालतो. बहुतेक नवीन लोकांची झाडं अशीच जातात, प्रेमाने.

आता एक करा, गेलेल्यांपैकी एखादं झाड कुंडीतून उपटून बघा. नर्सरीच्या काळ्या पिशवीतला लाल चिकणमातीचा गोळा जसाच्या तसा आत सापडेल, विटेसारखा घट्ट, आणि मुळं त्याच्या बाहेर पडलेलीच नसतील. नवीन झाड आणलं की तो गोळा बाहेरून बोटांनी हलकेच मोकळा करायचा आणि मगच लावायचं (गुलाबाचं मात्र जपून, त्याला मुळं दुखावलेली अजिबात चालत नाहीत). कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून राहत असेल तर तेही ओतून टाका, तिथे डासही होतात.

पाण्याचा नियम एकच, बोट दोन पेरं मातीत घालायचं, ओलं लागलं तर आज पाणी नाही. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदाही पुरेल, एप्रिल-मेमध्ये रोज लागेल, घड्याळ बघून घालायचं नाही.

आता सुरुवात. माझं ऐका, नर्सरीत जायच्या आधी एक रविवार बाल्कनीत बसा आणि ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं ते कागदावर लिहा. तुमच्याकडे साधारण सात ते साडेदहा येत असेल, म्हणजे साडेतीन तास. टोमॅटो, मिरची, गुलाबाला सहा तास तरी हवेत, त्यामुळे ती झाडं तिथे रडणारच, तुमचा दोष नाही. पालेभाज्या, पुदिना, तुळस, गवती चहा मात्र छान होतील. आणि ज्यांची बाल्कनी दक्षिणेला आहे त्यांनी हे बघणं वर्षातून दोनदा करा, कारण थंडीत ऊन थेट हॉलपर्यंत येतं पण मेच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारीसुद्धा उत्तरेकडेच असतो, मग त्या बाल्कनीत ऊन जवळजवळ येतच नाही.

पहिलं पीक मेथी घ्या, दुसरं काही नको. फळांच्या दुकानातला थर्माकोलचा खोका किंवा जुनं टब, सहा इंच खोल पुरे, खाली सात-आठ भोकं. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) साधारण सारखं मिसळा, नुसती काळी माती नको, ती वाळली की तडकते आणि भिजली की घट्ट बसते. किराणाच्या डब्यातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरा, वर बोटाच्या जाडीएवढीही नाही, त्याच्या निम्मीच माती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती वर उचलली जाते आणि खालून वाकलेल्या माना दिसतात, ते एकदा डोळ्यांनी बघितलं ना की सासूबाईंनाही तिथे खुर्ची टाकून बसावंसं वाटेल. तीन-साडेतीन आठवड्यांत भाजी. नाही आली तरी मूठभर मेथीच गेली, गुलाबाचे पैसे नाही गेले!

दोन-तीनदा मेथी काढलीत की मगच पुदिना, मग पुढचं.

प्रश्न : कोथिंबीर उगवतच नाही. तीन वेळा धणे पेरले.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कधी पेरलेत ते लिहिलं नाही, पण उन्हाळ्यात पेरले असतील तर सोलापूरच्या उन्हात कठीणच आहे, आलीच तरी पटकन फुलावर जाते. ऑक्टोबर ते जानेवारी धरा. अख्खा धणा पेरू नका, त्यात दोन बिया असतात, लाटणं हलकंच फिरवून दोन भाग करा, पीठ नको व्हायला. मग रात्रभर भिजवा. मेथीसारखी ती तीन दिवसांत येत नाही, आठ-दहा दिवस लागतात, कधी पंधरा, तोवर वरची माती ओलसर ठेवायची आणि मधेच उकरून बघायचं नाही.