बारा वर्षांनी परत गेम खेळायचाय? आधी आडनावाचं बघा

प्रिय ताई,
मी 38 वर्षांची. वारज्यात राहते, हिंजवडीत नोकरी करते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम सुरू केला आणि 2013 पर्यंत वेड्यासारखं खेळले. माझं पात्र म्हणजे ड्रूइड होती, लेव्हल 90, आमच्या गिल्डची (एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाची) हीलर, म्हणजे लढताना इतरांना बरं करणारी. लग्न ठरलं आणि रेडच्या (सगळ्या गटाने मिळून करायच्या मोठ्या लढाईच्या) आदल्या दिवशी कुणाला काही न सांगता बंद केलं. ते अजून मनाला लागतं.

आता मुलगा आठ वर्षांचा आहे, रात्री नवानंतर थोडा वेळ मिळतो, परत खेळावंसं वाटतंय. पण जुना फोन नाही, जुना नंबर नाही, आडनावही बदललं. व्हिडिओ बघितले तर स्क्रीनवरचं एक बटण ओळखू येईना. नवरा "खेळ की" म्हणतो, पण सूर "बघू किती दिवस" असा. सासूबाई म्हणतात, हे काय वय आहे का! मुलगा तर आत्ताच "मलापण" म्हणतोय. जुन्या ड्रूइडला घेऊन जाऊ की नव्याने सुरुवात करू? आणि त्या लोकांना तोंड कसं दाखवू?
– जुनी हीलर, वारजे

प्रिय जुनी हीलर,

ड्रूइड जागेवर आहे. पैसे भरणं थांबलं म्हणून पात्र पुसलं जात नाही. फक्त 90 च्या जागी 35 च्या आसपासचा आकडा दिसेल, तेव्हा घाबरू नका. ऑक्टोबर 2020 मध्ये सगळ्यांच्याच लेव्हल दाबून कमी केल्या, 120 ची 50 झाली. फार वर्षं न वापरलेली नावं कंपनी अधूनमधून मोकळी करते. तसं झालं असेल तर आत शिरताना नवं नाव मागतील, एवढंच.

खरी अडचण दारातच आहे. खात्यावर माहेरचं नाव, ऑथेंटिकेटर (आत शिरताना ओळख पटवणारं ॲप) हरवलेल्या फोनवर, आणि जुना नंबर एव्हाना दुसऱ्याच कुणाच्या खिशात असण्याची शक्यता. म्हणून क्रम चुकवू नका. आधी ज्या ईमेलवर खातं काढलं होतं तो ईमेल उघडतो का बघा. पासवर्ड बदलायची मेल तिथेच येणार. तो उघडत असेल तर निम्मं काम झालं. मग बॅटलनेटच्या (ज्यावर गेमचं खातं असतं त्या कंपनीच्या सेवेच्या) साइटवर मदत विभागात जाऊन ऑथेंटिकेटर काढण्याची विनंती टाका. सरकारी फोटो ओळखपत्र मागतील आणि त्यावरचं नाव खात्यावरच्या नावाशी जुळावं लागतं. इथेच लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका अडकतात (आणि गंमत म्हणून खातं भलत्याच नावाने काढलेले पुरुषही). पॅनवर अजून माहेरचं आडनाव असेल तर तेच द्या. नसेल तर आत्ताच्या ओळखपत्राबरोबर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची इंग्रजी मजकूर असलेली प्रत जोडा आणि दोन ओळींत लिहा की नाव का वेगळं आहे. आधार द्यायची वेळ आलीच तर पहिले आठ आकडे झाकलेलं द्या. "तुमचं खातं बंद होतंय, इथे क्लिक करा" अशी मेल आली तर तिच्यातून कुठेही जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. आत शिरलात की बॅटलनेटच्या मोबाइल ॲपमध्ये नवा ऑथेंटिकेटर लावा, जुनं वेगळं ॲप आता बंद झालंय.

कार्डाने पैसे जाईनात तर चूक बहुधा गेमची नसते. 2020 पासून आपल्याकडची नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतात, बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करावं लागतं. वर्गणी अमेरिकेत महिना 14.99 डॉलर, युरोपात 12.99 युरो, म्हणजे कुठूनही धरा, तेराशे-चौदाशेच्या घरात, शिवाय बँकेचा परकीय चलनाचा आकार. भरल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण रद्द करा. भरलेला महिना पूर्ण खेळता येतो.

पण पहिल्या आठवड्यात हे पैसे भरूच नका. वर्गणी नसलेल्या खात्यावर लेव्हल 20 पर्यंत फुकट खेळता येतं. लिलावघर वगैरे काही गोष्टी बंद असतात, त्यांची तुम्हाला आत्ता गरजही नाही. जुनी की नवी, या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं: आधी नवी ड्रूइड काढा, लेव्हल 1 ची. सुरुवातीला एक्झाइल्स रीच नावाचं बेट निवडा. 2020 मध्ये आलेलं हे बेट एक-दोन रात्रींत उरकतं आणि तिथे मंत्र एकेक करून हातात येतात. जुन्या पात्राने थेट आत गेलात तर तीसेक बटणं एकदम अंगावर येतात, त्यातली निम्मी अनोळखी, पिशव्या 2013 च्या सामानाने भरलेल्या, आणि नकाशावर उद्गारचिन्हांचा सडा. परत येणारे बहुतेक जण याच संध्याकाळी लॅपटॉप मिटतात आणि "आता आपल्याला नाही जमत" असं ठरवून टाकतात.

हीलिंगचं म्हणाल तर तुमचं नशीब चांगलं, ड्रूइड निवडलीत. रेजुव्हेनेशन, लाइफब्लूम, स्विफ्टमेंड, वाइल्ड ग्रोथ, ट्रँक्विलिटी हे बरं करायचे सगळे मंत्र अजून आहेत. टॅलेंट, म्हणजे पात्राची निवडायची कौशल्यं, मात्र पार वेगळी. तुमच्या वेळी दर 15 लेव्हलला तिनातून एक निवडायचं होतं, 2022 पासून पुन्हा फांद्याफांद्यांची मोठी टॅलेंट-झाडं आली. टॅलेंटच्या खिडकीत खाली स्टार्टर बिल्ड (गेमनेच सुचवलेली तयार निवड) आहे, तो लावा आणि महिनाभर हात लावू नका. पुढे काय दाबायचं ते उजळून दाखवणारी सोय जून 2025 मध्ये आली. पण ती शत्रूला मारण्यापुरती आहे, कुणाला कधी बरं करायचं हे ती सांगत नाही. हीलरने तिच्यावर विसंबलं की टँक (पुढे राहून मार झेलणारा) आडवा. जोडीदारांच्या पट्टीवर माउस नेऊन थेट मंत्र टाकायला पूर्वी वेगळा ॲडऑन (बाहेरून बसवायचा जोड-प्रोग्राम) लागायचा, आता क्लिक-कास्टिंग गेममध्येच मिळतं. ते पहिल्या दिवशी लावा.

इन्स्टॉल करताना दोन गोष्टी. एसएसडी हवी, जागा 128 जीबी धरा. जुन्या हार्ड डिस्कवर गेमचं फोल्डर सापडलं तरी ते नव्या मशीनवर आणू नका. इंटरफेस आणि डब्ल्यूटीएफ या फोल्डरांत बारा वर्षांपूर्वीचे ॲडऑन आणि सेटिंग असतात, त्यांनी खिडक्या उलट्यासुलट्या होतात आणि दोष नव्या गेमला जातो. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर नको. हिंजवडीत हे सांगावं लागू नये, पण लागतं.

वीसपर्यंत पोचून मजा आली तर पैसे भरा आणि मग जुन्या ड्रूइडला उठवा. पिशव्या उपसायची घाई नको. अंगाला बांधलेल्या कपड्यांचं रूप पात्र आत आलं की संग्रहात आपोआप नोंदलं जातं, त्यामुळे तो माल नंतर विकला तरी चालतो. जुनी औषधं, जुन्या पोथ्या खुशाल फुंका. वाहनं, टॅबार्ड (चिन्ह असलेले अंगरखे) ठेवा, ते पुन्हा मिळेलच असं नाही. 2024 पासून सगळ्या पात्रांसाठी एक सामायिक बँक आली आहे आणि बरीचशी प्रतिष्ठाही सामायिक झाली आहे, म्हणजे नवीचं कमावलेलं जुनीच्या कामी येतं.

"मला 2013 चाच गेम हवाय" असं मनात येईल. तोही आहे. तुमच्या वेळच्या गेमची, म्हणजे मिस्ट्स ऑफ पँडारियाची, क्लासिक आवृत्ती जुलै 2025 मध्ये आली, वर्गणी तीच. पण तिथे तुमची ड्रूइड येत नाही, पहिल्यापासून वाढवावी लागते, आणि त्या काळची चाल संथ आहे. रात्रीच्या दीड तासात ती पुरत नाही असं आमचं मत.

आता वेळेचं, कारण सगळं गाडं तिथेच अडतं. भारतात या गेमचे सर्व्हर नाहीत. पुण्यातून युरोपला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) धरून चाला, हीलिंगला तेवढं चालतं. अमेरिका त्याहून बरीच लांब. पण युरोपातली गिल्ड रात्री आठला रेड सुरू करते, तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. तीन तास धरा आणि सकाळची कंपनीची बस आठवा. ऑस्ट्रेलियातली रात्री आठची रेड आपल्या दुपारी अडीच-साडेतीनला, ऐन कामाच्या वेळी. विशीत हे तुम्ही रेटून नेलंत. आता आठवड्यातल्या रेडचं नाव काढू नका. फारच हौस असेल तर शनिवारी युरोपातल्या दुपारी तीनच्या गटात जा, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसहा-साडेसातला, तेही घरात आधी सांगून.

रोजच्या रात्रीसाठी दोन चांगल्या गोष्टी मधल्या काळात आल्या आहेत. जानेवारी 2024 पासून फॉलोअर डंजन (डंजन म्हणजे पाच जणांची छोटी मोहीम) आहेत: चार साथीदार संगणकाचे, हीलर तुम्ही. ड्रॅगनफ्लाइट या गेमच्या 2022 च्या भागातल्या आणि त्यापुढच्या डंजनना चालतं. मुलगा उठला, कुकरची शिट्टी झाली, तर साथीदार उभे राहतात, कुणी शिव्या घालत नाही. फक्त बॉस (शेवटचा मोठा शत्रू) सुरू असताना उठू नका, पॉज इथेही नाही. दुसरं डेल्व्ह, म्हणजे छोट्या गुहेतली मोहीम, 2024 च्या ऑगस्टमधलं. एकटीने किंवा पाचांपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांचं काम, आणि त्यातून मिळणारं सामान खरंच उपयोगाचं असतं. खऱ्या माणसांबरोबर हीलिंग या सरावानंतर. आणि गुरुवारी महावितरणच्या देखभालीने वीज गेली तर राउटरला इन्व्हर्टर आहे का ते एकदा बघून ठेवा, इतरांना मधेच सोडून जाणारी हीलर कुणालाच आवडत नाही.

यावरून गिल्डचं. रेडच्या आदल्या दिवशी गेलात, त्या रात्री ते चिडले असणार, बदली हीलर शोधला असणार, आणि पुढच्या आठवड्यात विसरले असणार. न सांगता जाणारे प्रत्येक गिल्डमध्ये असतात. यादी उघडलीत की बहुतेकांच्या नावापुढे तुमच्यासारखीच वर्षं दिसतील. त्यामुळे भाषण तयार करू नका. बॅटलनेटच्या मित्रयादीत जो हिरवा दिसेल त्याला लिहा: "लग्न ठरलं म्हणून 2013 मध्ये अचानक गेले, सांगायला हवं होतं, सॉरी. परत आलेय, आता रेड जमणार नाही, कधी डंजन करायचं झालं तर सांग." उत्तर आलं तर छान, नाही आलं तर दुसऱ्यांदा लिहू नका. कुणी दुसऱ्या पक्षात किंवा दुसऱ्या सर्व्हरवर गेला असेल तर आता त्याने अडत नाही. 2022 पासून अलायन्स आणि होर्ड हे गेममधले दोन पक्ष एकत्र डंजन करू शकतात, आणि पुढच्या वर्षी गिल्डही एकत्र झाल्या.

घरातल्यांचं तुम्हाला वाटतंय तेवढं अवघड नाही. सासूबाईंना गेम पटवून देऊ नका. त्यांची मालिका ठरलेल्या वेळी लागते तशी तुमचीही वेळ लागू द्या: मंगळवार, गुरुवार, शनिवार, नऊ ते साडेदहा, हेडफोन एका कानावर. नवऱ्याचा सूर वयाबद्दलचा नाही, त्याला 2013 च्या रात्री माहीत असाव्यात. त्याला एकच आकडा सांगा, साडेदहा, आणि पहिले दोन आठवडे तो पाळा. "एवढा एक बॉस" म्हणून अकरा वाजले की तो काही बोलणार नाही, पण मनात नोंद होईल.

मुलाला शेजारी बसून बघू द्या, उडणाऱ्या ड्रॅगनवर तो खूश होईल. स्वतःचं खातं मात्र आत्ता नको. गेमला अमेरिकेत 13 आणि युरोपात 12 वर्षांची वयोमर्यादा सांगितली आहे, आणि ती फक्त गेमची, अनोळखी माणसांच्या चॅटची त्यात मोजदाद नाही. तो शेजारी असेल तेव्हा ट्रेड चॅनेलवर (सगळ्यांच्या खरेदी-विक्रीच्या चॅटवर) उजवं क्लिक करून बाहेर पडा.